परंपरा हवी, तर आधी मराठी बायबल

मे महिन्यात आमच्या वाडीतल्या क्रुसाकडे लादीन होती. प्रार्थना संपली, उकडलेले चणे वाटून झाले, म्हातारी माणसं घराकडे वळली, आणि एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. वेंगुर्ल्याकडचा, घर मासेमारीचं, घरात कुणी ख्रिस्ती नाही. त्याने पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि हळूच विचारलं, "काकानू, ह्यां खरां बायबल मां?"

पुस्तक होतं डूए-रीम्स. ऑनलाइन मागवलेलं, महागडं, सोनेरी कडांचं. कुठल्याशा परदेशी व्हिडिओत त्याला सांगितलं होतं की खऱ्या कॅथलिक माणसाने हेच वाचायचं, बाकी सगळी भाषांतरं भेसळीची. त्यातलं इंग्रजी त्याला झेपत नव्हतं. पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तो अडकला होता आणि दोष स्वतःकडे घेत होता.

मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. असे तरुण हल्ली वरचेवर भेटतात. काही कॅथलिक घरातलेच असतात, दृढीकरण संस्कारानंतर देवळापासून सुटलेले आणि आता वेगळ्याच वाटेने परत येणारे. काही पूर्णपणे बाहेरचे असतात. त्यांना काय हवं आहे ते मला कळतं. त्यांना शांतता हवी आहे, गुडघे टेकणं हवं आहे, उपवास हवा आहे, आपल्या जन्माआधीपासून चालत आलेलं काहीतरी हवं आहे. ही ओढ खरी आहे, आणि तिची थट्टा करणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींवर मी रागावतो. पण या तरुणांना सुरुवात कुठून करायची ते कुणी नीट सांगत नाही. आपण गप्प बसतो, म्हणून मोबाइल बोलतो.

माझं सांगणं एवढंच आहे. कोकणात राहून, मराठीत विचार करणाऱ्या माणसाला कॅथलिक परंपरा शोधायची असेल, तर त्याने आधी ७३ पुस्तकांचं, टीपा असलेलं मराठी बायबल हातात घ्यावं आणि जवळच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, जाऊन बसावं. लॅटिन, जुनी मिस्सा (देवळातली मुख्य उपासना), डूए-रीम्स हे सगळं त्यानंतर. आणि ते बायबल त्याच्या हातात पडावं ही जबाबदारी त्याची कमी, आपली जास्त.

त्या मुलाच्या हातातल्या पुस्तकापासूनच सुरुवात करू. ते वाईट पुस्तक नाही. इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ चालू असताना देशोधडीला लागलेल्या विद्वानांनी ते केलं. त्याचा नवा करार १५८२ मध्ये रीम्स इथे छापला गेला, जुना करार १६०९-१० मध्ये डूए इथे. पुढे बिशप चॅलनर यांनी १७४९ ते १७५२ या काळात त्यात मोठ्या दुरुस्त्या केल्या, आणि आज डूए-रीम्स नावाने विकलं जातं ते बहुतेक वेळा हेच दुरुस्त केलेलं रूप असतं. म्हणजे ज्याला तो मुलगा अस्सल, अस्पर्श मूळ समजत होता ते स्वतःच एक सुधारलेली आवृत्ती. शिवाय ते हिब्रू-ग्रीकवरून केलेलं नाही, मुख्यतः व्हल्गेटवरून, म्हणजे जेरोमच्या लॅटिन भाषांतरावरून, केलेलं आहे. भाषांतराचं भाषांतर.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट, जी कुठल्याही परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज कॅथलिक, त्याच छळाच्या पिढीतला, रोमला जाऊन जेजुइट या धर्मसंघात शिरला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. उरलेलं सगळं आयुष्य, जवळजवळ चाळीस वर्षं, त्याने साष्टीच्या परिसरात काढलं. त्याने लोकांची भाषा शिकली, आणि नुसती बोलण्यापुरती नाही, संतांच्या ओवीसकट शिकली. १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, कोकणी शब्द जागोजागी पेरलेल्या. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात आली. रविवारी आणि उपवासकाळात लोक ती देवळात ऐकत.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. इंग्रजीतला कॅथलिक जुना करार १६१० ला पुरा झाला आणि आपल्या किनाऱ्यावर मराठी ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलं गेलं. अंतर सहा वर्षांचं. स्टीफन्सला इंग्रजी येत नव्हतं थोडंच? ती त्याची मातृभाषा होती. तरीही इथल्या नव्या ख्रिस्ती माणसाला श्रद्धा समजावायची तर मराठीतच, हे त्याला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आणि आपण आज वेंगुर्ल्याच्या मुलाला शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजीकडे पाठवतो आणि त्याला परंपरा म्हणतो!

ख्रिस्तपुराण हे बायबलचं भाषांतर नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. ती कथा आहे, काव्य आहे. त्या काळी कॅथलिक चर्च लोकभाषेतल्या बायबलबाबत फार सावध होतं, १५६४ च्या नियमांनुसार ते वाचायला परवानगी लागत असे. त्यातच १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. ख्रिस्तपुराण हस्तलिखितांतून घराघरांत जगलं. छापील पुस्तक पुन्हा यायला १९०७ उजाडलं, तेही मंगळूरला आणि रोमन लिपीत. देवनागरीत ते १९५६ साली पुण्यातून निघालं. मधली ही दोन-अडीचशे वर्षं आपण आपल्याच भाषेतल्या परंपरेला पारखे झालो. मला त्याचं दुःख आजही होतं, आणि ज्यांना परंपरेचा पुळका आहे त्यांना ते माझ्याहून जास्त व्हायला हवं.

या पोकळीत मराठी बायबल आलं ते प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या हातून. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी मत्तयचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये मराठीत आणला. मुंबईत अमेरिकन मिशनने काम पुढे नेलं, आणि १८४७ मध्ये संपूर्ण मराठी बायबल एकत्र निघालं. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत एकटीने सगळं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, छपाई १९२४ मध्ये पुरी झाली. या माणसांपुढे कॅथलिक म्हणून मी हात जोडतो. आपण जे करायला हवं होतं ते त्यांनी केलं.

पण नव्याने कॅथलिक श्रद्धा समजून घेणाऱ्याला इथे एक अडचण येते, आणि ती त्याला कुणी सांगत नाही. बाजारात किंवा कुणाच्या घरी सहज मिळणारं मराठी 'पवित्र शास्त्र' हे बहुधा ६६ पुस्तकांचं असतं. कॅथलिक बायबल ७३ पुस्तकांचं आहे. तोबित, यहूदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, शलमोनाचं ज्ञान, बेनसिरा आणि बारूख ही सात त्या ६६ मध्ये नसतात, शिवाय एस्तेर आणि दानिएल यांतले काही भागही नसतात. ही सात पुस्तकं कॅथलिकांनी मागाहून घुसवली, असं अनेकजण ठासून सांगतात. ते बरोबर नाही. ३९७ च्या कार्थेज परिषदेच्या यादीत ती आहेत, १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत आहेत, आणि ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये तीच यादी कायमची पक्की केली. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून दोन करारांच्या मध्ये ठेवली, पण छापली. १६११ च्या किंग जेम्स बायबलातही ती होती. ब्रिटिश बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ठरवलं की या पुस्तकांच्या छपाईला यापुढे पैसे द्यायचे नाहीत. मराठी बायबल घडत होतं ते नेमकं याच काळात.

याने फरक काय पडतो, असं कुणी विचारलं तर मी त्याला २ नोव्हेंबरला आमच्या कबरस्तानात घेऊन जाईन. संध्याकाळी प्रत्येक कबरीवर मेणबत्ती असते, झेंडूची फुलं असतात, फादर पाणी शिंपडत फिरतात, आणि मृतांसाठी मिस्सा होते. बाहेरून आलेला माणूस विचारतो, मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलमध्ये कुठे आहे? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, बाराव्या अध्यायात. लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो, कारण मेलेले पुन्हा उठतील अशी त्याला आशा आहे. ६६ पुस्तकांचं बायबल हातात असलेल्या मुलाला हे पानच सापडणार नाही. मग त्याला वाटणार, हे लोक मनाचं करतात.

म्हणून बायबल विकत घेताना पहिली गोष्ट, अनुक्रमणिका उघडायची आणि नहेम्यानंतर तोबित आहे का बघायचं. दुसरी गोष्ट, आतल्या पानावर रोमची किंवा बिशप परिषदेची मान्यता छापलेली आहे का बघायचं. ही नुसती औपचारिकता नाही. चर्चच्या कायद्यातल्या कलम ८२५ नुसार बायबलच्या भाषांतराला अशी मान्यता आणि पुरेशा टीपा दोन्ही लागतात. टीपा फार महत्त्वाच्या. एकट्याने बायबल उघडून आपल्याला वाटेल तो अर्थ लावायचा, ही कॅथलिक रीत कधीच नव्हती. पवित्र ग्रंथ, परंपरा आणि चर्चचं अध्यापन ही एकमेकांना धरून उभी असतात, हे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये पुन्हा मांडलं. टीप म्हणजे त्या अध्यापनाचा पानाच्या तळाशी ऐकू येणारा आवाज.

मराठीत वाचायला सुरुवात कुठून करावी? नव्या करारासाठी मी बिनधास्त फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'चं नाव घेतो. वसईच्या मातीतला हा धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचा एकेकाळचा संपादक, पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. त्यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ते वाचताना आपण भाषांतर वाचतो आहोत ही जाणीव सुटते. आधी मार्क वाचावा, तो सगळ्यांत छोटा आहे, दोन बैठकांत होतो. मग लूक. स्तोत्रं रोज एक. लेवीयच्या नियमांकडे पहिल्या वर्षी जाऊ नये.

शब्दांच्या निवडीवरून मात्र डोळे उघडे ठेवावेत. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला हाक मारतो. ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे. जुन्या प्रोटेस्टंट मराठीत 'कृपा पावलेली' असं येतं, आपल्या प्रार्थनेत 'कृपापूर्ण' म्हणतात, कारण जेरोमच्या लॅटिनमध्ये कृपेने भरलेली असा अर्थ आहे. दोन्ही शब्द ग्रीकच्या जवळ आहेत. पण पहिल्यात एक प्रसंग दिसतो, दुसऱ्यात एक कायमची अवस्था, आणि मरियेविषयीची शेकडो वर्षांची शिकवण त्या दुसऱ्या अर्थाच्या आधाराने उभी आहे. मराठी वाचकाला हा फरक कानाने कळतो. इंग्रजीच्या कुबड्यांवर तो कळायला फार वेळ लागतो.

ज्याला इंग्रजीही चांगलं येतं त्याने शेजारी एक इंग्रजी प्रत ठेवावी. भारतात २०२० पासून इंग्रजी मिस्सेत इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनची कॅथलिक आवृत्ती वाचली जाते, तीच घेतली तर देवळात ऐकलेलं घरी सापडतं. रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनची दुसरी कॅथलिक आवृत्ती, २००६ ची, अभ्यासाला उत्तम. डूए-रीम्स आवडत असेल तर जरूर वाचावं, फक्त त्यात स्तोत्रांचे क्रमांक वेगळे आहेत हे ध्यानात ठेवावं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे आपलं २३ वं स्तोत्र तिथे २२ वं असतं. यावरून गोंधळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि नवी भाषांतरं म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा बिघाड, हे तर साफ चुकीचं. मूळ हिब्रू आणि ग्रीककडे जा, असं विद्वानांना आग्रहाने सांगितलं ते पोप बाराव्या पायस यांनी, १९४३ मध्ये, परिषदेच्या कितीतरी आधी. ट्रेंटने व्हल्गेटला प्रमाण म्हटलं ते शिकवणीत चूक होऊ नये म्हणून, मूळ भाषांना दार बंद करण्यासाठी नव्हे, हेही त्यांनीच स्पष्ट केलं. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने या पोपचं ऐकायला हवं.

आता लॅटिन मिस्सेविषयी. पाचव्या पायस यांनी १५७० मध्ये घालून दिलेली आणि १९६२ च्या मिस्सल ग्रंथापर्यंत आलेली ती मिस्सा सुंदर आहे. तिची ओढ लागणाऱ्याला मी दोष देत नाही. बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये तिला मोकळीक दिली, फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली. यावर लोक भांडतात, कडवट होतात. पण नव्याने आलेल्या माणसाने या भांडणात पहिल्याच दिवशी बाजू घेऊ नये. ज्याचा अजून स्नानसंस्कारही झालेला नाही त्याने कुठला पोप चुकला याचा निवाडा करायला बसावं, हे कुठल्याच परंपरेत बसत नाही. आपल्या फादरांच्या मराठी मिस्सेत जो परमप्रसाद मिळतो तो खराच आहे. ती मिस्सा खोटी मानून जो घरी बसतो, त्याने परंपरा गमावली.

लॅटिन हवं असेल तर ते आपल्याकडे होतंच की. माझी आजी अक्षरओळख नसलेली. पण लादिनीत प्रत्येक नावानंतर 'ओरा प्रो नोबिस' तिच्या तोंडून न अडखळता येई. त्याचा अर्थ 'आमच्यासाठी प्रार्थना कर' असा आहे हे तिला ठाऊक होतं. लादीन हा शब्दच पोर्तुगीज लदाइन्यावरून आला. गुड फ्रायडेला ती दिवसभर पेजेवर राही, मासळीलाही हात लावत नसे. चर्चचा नियम मांस वर्ज्य करायला सांगतो, मासे चालतात. पण ती म्हणे, किनाऱ्यावरच्या माणसाने सुरमई खाऊन कसला उपवास केला? ही परंपरा पुस्तकात लिहिलेली नव्हती आणि तिला कुणी पारंपरिक कॅथलिक म्हणत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ मध्ये सांगितलंच होतं की लोकांना मिस्सेतले आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता-गाता यावेत. ते आपण केलं नाही.

म्हणून माझी तक्रार त्या मुलांपेक्षा आपल्याकडेच जास्त आहे. बाहेरून कुणी आला की आपण आधी घाबरतो. गावात काय बोलतील, कुणी आरोप करेल का, म्हणून त्याला टाळतो. कुणालाही विवेकाविरुद्ध श्रद्धेत ओढू नये, हे चर्चच्या कायद्यातल्या कलम ७४८ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि ते मी शब्दशः मानतो. पण स्वतःहून विचारायला आलेल्याला उत्तर न देणं हे त्या कलमात कुठेही नाही. प्रत्येक धर्मग्रामाच्या ऑफिसात ७३ पुस्तकांच्या मराठी बायबलच्या चार प्रती असायला काय हरकत आहे? सणाच्या मंडपाला, बँडला, फटाक्यांना पैसे निघतात. आठवड्यातून एक तास देऊळ उघडं ठेवून, माइक बंद करून, परमप्रसादासमोर शांत बसू द्यायला तर पैसेही लागत नाहीत. ती शांतता देवळात मिळाली असती तर तो मुलगा ती मोबाइलवर शोधत फिरला नसता.

त्या रात्री मी माझी मराठी प्रत त्याला दिली. मार्क वाच म्हटलं. पण तो दर्यावरचा मुलगा, अनुक्रमणिकेत तोबितचं नाव दिसताच कुणीतरी त्यातल्या माशाविषयी सांगितलेलं त्याला आठवलं आणि त्याने तेच पहिलं वाचलं. पंधरा दिवसांनी आला तो दोन्ही पुस्तकं घेऊन. डूए-रीम्समध्ये मासा तोबितच्या मुलाला, तोबियासला, गिळायलाच येतो, आणि त्याने नेटवर पाहिलेल्या अमेरिकन कॅथलिक बायबलात नुसता त्याचा पाय गिळू पाहतो. खरं कुठलं? मी त्याला सांगितलं, तोबितची ग्रीक हस्तलिखितं दोन घराण्यांची आहेत, एक आखूड, एक लांब, पाय लांब प्रतीत आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत या पुस्तकाचे अरामी आणि हिब्रू तुकडे सापडल्यापासून अभ्यासक लांब प्रतीला जास्त मान देतात. आणि जेरोमने तर स्वतःच लिहून ठेवलंय की हे पुस्तक त्याने एका दिवसात लॅटिनमध्ये आणलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, बाबांना वाचून दाखवलं. बाबा बायबल ऐकायला कधी बसले नव्हते, पण मुलगा माशाचं पित्त काढून आंधळ्या बापाचे डोळे बरे करतो तिथपर्यंत ते जाळं विणायचं थांबवून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "नदीत एवढो मोठो मासो? खंयचो म्हणायचो तो?"

मला सांगता आलं नाही. पुढचा अध्याय त्यांना आज वाचून दाखव, म्हटलं.